काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर : जुन्या गाडीचे तापलेले इंजिन आणि नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यातल्या भर दुपारी वर्धा रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली, की बघणाऱ्यांचे निदान ठरलेले असते : ऊनच असे आहे, त्याला गाडी तरी काय करणार. हे निदान ऐकायला पटण्यासारखे असले तरी बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि त्यावर विसंबून राहिल्यामुळे चांगली इंजिने हकनाक बिघडतात. जिची पाणी फिरवण्याची आणि थंड करण्याची यंत्रणा धडधाकट आहे, अशी गाडी पंधरा-वीस वर्षांची असली तरी ४५ अंशांच्या नागपुरात चालते आणि तिचा तापमान दाखवणारा काटा मधल्या खुणेच्या आसपास राहतो. ऊन बिघाड घडवत नाही. डिसेंबरात झाकून राहिलेला बिघाड ते मे महिन्यात चव्हाट्यावर आणते.

यामागचा हिशेब साधा आहे. रेडिएटर, म्हणजे इंजिनातले गरम पाणी निववणारी पुढची नळ्यांची जाळी, किती उष्णता बाहेर टाकू शकेल, हे मुख्यतः आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. इंजिनातले पाणी ९० अंशांवर आहे असे धरले, तर डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांच्या हवेत हा फरक ७५ अंशांचा असतो. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत तो ४५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या पाच हिश्शांपैकी तीनच हिस्से काम करू शकतो. त्यात डांबरावरून वर येणारी हवा आणखी तापलेली असते आणि एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर आपली उष्णता तिच्यात मिसळतो. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा रेडिएटरमध्ये एवढी शिल्लक ठेवलेली असते. मात्र एक चतुर्थांश नळ्या क्षाराने बुजलेल्या असतील तर ती शिल्लक संपते. थंडीत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पहिल्या कडक दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर काटा चढू लागतो.

काटा चढताना दिसला तर

प्रथम एसी बंद करावा. त्यानंतर एरवी वेडेपणाचे वाटेल असे एक काम करावे : सर्व काचा खाली करून हीटर पूर्ण गरम बाजूला आणि त्याचा पंखा सर्वांत जास्त वेगावर ठेवावा. हीटर म्हणजे इंजिनाचेच पाणी फिरणारा एक छोटा रेडिएटर असल्यामुळे तो इंजिनातली थोडी उष्णता ओढून घेतो. मे महिन्यात हीटर लावून बसणे ही शिक्षाच आहे, पण तिची मुदत दोन-तीन मिनिटांची असते. तेवढ्या वेळात चारही इंडिकेटर लावून गाडी डावीकडे घ्यावी आणि शक्य असल्यास सावलीत उभी करावी. पुढच्या चौकातल्या ओळखीच्या गॅरेजपर्यंत तरी जाऊ, हा विचार मात्र मनात आणू नये.

गाडी थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचे की नाही, हे परिस्थिती पाहून ठरवावे लागते. काटा नेहमीपेक्षा वर आहे पण लाल पट्ट्यात गेलेला नाही, वाफ दिसत नाही, खाली पाणी सांडत नाही आणि बॅटरीचा लाल दिवाही लागलेला नाही, अशा स्थितीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हलकेच दाबून ठेवावा. इंजिनाचा वेग किंचित वाढला की वॉटर पंप पाणी जोराने फिरवतो आणि दोन मिनिटांत काटा खाली येऊ लागतो. तो खाली आला नाही, किंवा वर दिलेल्या लक्षणांपैकी एकही दिसले, तर इंजिन त्या क्षणी बंद करावे. बॅटरीचा दिवा आणि चढता काटा ही जोडी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच रबरी पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर, चालतात. दोन्ही खुणा एकदम दिसल्या तर फॅन बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तसे असेल तर इंजिन चालू ठेवूनही पाणी मुळीच फिरत नाही.

काटा चढत चढत एकदम खाली पडला, तर तो सर्वांत वाईट संकेत समजावा. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच त्याचे सांगणे भरवशाचे असते. पाणी निघून गेले आणि भोवती नुसती हवा किंवा वाफ उरली, की तो भलतेच काही दाखवतो. २०२४ च्या मे महिन्याअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सर सदोष असल्याचे सांगितले, हे अनेकांना आठवत असेल. तिथे सेन्सर वरच्या बाजूने चुकला; गाडीत तो बहुधा खालच्या बाजूने चुकतो आणि आपण निर्धास्त होतो. काही वर्षांपूर्वी रामटेकहून परतताना कन्हानच्या अलीकडे मी असाच निर्धास्त झालो होतो. काटा खाली आला म्हणून पुढे तीनेक किलोमीटर गाडी रेटली आणि तेवढ्या अंतरात हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकले. हेडखालची गॅसकेट, हेड घासून सपाट करण्याचे फेसिंग आणि मजुरी धरून जो खर्च आला, त्याचे मूळ एका फाटलेल्या होज पाइपात होते.

झाकण उघडण्याआधीची वाट

बॉनेटच्या फटींतून वाफ येत असेल तर ते उघडण्याची घाई करू नये. आतून लिव्हर ओढून ठेवावा आणि वाफेचा जोर ओसरल्यावर बॉनेट उचलावे. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही विजेवर चालणारा पंखा आपोआप सुरू होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. तो पंख्यात अडकू नये म्हणून वाकून पाहण्यापूर्वी सोडून गाडीत ठेवावा.

रेडिएटरचे झाकण तापलेल्या अवस्थेत उघडू नये, ही सूचना प्रत्येक झाकणावर लिहिलेली असते आणि तरीही भाजण्याच्या घटना घडतातच, कारण आतमध्ये काय चालले आहे याची कल्पना नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात उघड्या भांड्यातले पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. झाकणातली स्प्रिंग आत साधारण ०.९ बारचा जादा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीदेखील ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. आता ११० अंशांवरचे पाणी आत आहे आणि आपण झाकण काढले असे समजा. दाब जाताच त्या पाण्याला पाणी म्हणून राहता येत नाही. त्यातला काही भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि उरलेल्या उकळत्या पाण्याला घेऊन चेहऱ्यावर येतो.

म्हणून किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. मे महिन्यात उघड्यावर एक तासही लागतो. वेळेपेक्षा खात्रीची खूण म्हणजे रेडिएटरच्या वरच्या टोकाला जोडलेला जाड होज पाइप. जाड फडक्यात धरून तो दाबावा. ताठ लागला तर आत दाब आहे. मऊ पडला असेल तर झाकणाकडे वळावे. झाकणावर घडी केलेला ओला टॉवेल ठेवून, तोंड बाजूला करून, ते पाव वळण फिरवून पहिल्या खाचेपाशी थांबावे. सूं असा आवाज आला तर तो पूर्ण थांबू द्यावा आणि नंतरच झाकण खाली दाबून काढावे.

याच वेळी मदतीला माणसे जमतात. नागपुरात रस्त्यावर अडलेल्याला कोणी एकटे सोडत नाही, ही या शहराची चांगली गोष्ट आहे; पण त्या मदतीत "काही नाही होत भाऊ, टाका पाणी" असे म्हणत थंडगार पाण्याची बाटली पुढे करणारा एक जण हमखास असतो. त्याला नम्रपणे थांबवावे. तापलेल्या ब्लॉकवर (इंजिनाच्या खालच्या मुख्य भागावर) किंवा हेडमध्ये एकदम थंड पाणी पडले तर धातू ठिकठिकाणी वेगवेगळ्या गतीने आकुंचन पावतो आणि त्याला तडा जाऊ शकतो. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते, त्यामुळे या दोहोंच्या मधली गॅसकेट अशा वेळी आधीच ताणलेली असते. इंजिन निवल्यावरच पाणी भरावे, तेही उन्हात ठेवून कोमट झालेले असले तर उत्तम. थोडे भरल्यावर इंजिन सुरू करून ते आयडलिंगवर चालत असताना उरलेले पाणी बारीक धारेने ओतावे. अशा प्रसंगी कोणतेही स्वच्छ पाणी चालते. घरी पोहोचल्यावर ते काढून टाकायचे आहे एवढे स्मरणात ठेवावे.

पुढे जावे की टोचन बोलवावे

भरलेले पाणी कुठून जाते आहे ते दिसत असेल आणि धार बारीक असेल, तर एसी बंद ठेवून, काट्यावर नजर ठेवून, जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येते. संध्याकाळपर्यंत थांबणे शक्य असेल तर अवश्य थांबावे. धार मोठी असेल तर जाऊ नये. आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर इंजिन पुन्हा सुरूही करू नये. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा ऑइलची पातळी मोजण्याच्या डिपस्टिकवर दुधाळ, ताकासारखा थर दिसणे ही त्यांतली मुख्य. आधी इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत होता किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत होते, तर त्याचाही अर्थ तोच : हेड गॅसकेट गेली आहे आणि पाणी जिथे जाऊ नये तिथे जात आहे. सिलिंडरमध्ये पाणी साठलेले असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी टोचनचे भाडे कितीही वाटले तरी ते स्वस्तच पडते. हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर किंवा अमरावतीकडे जाणाऱ्या ५३ वर असाल तर १०३३ हा क्रमांक मदतीसाठी आहे. समृद्धी महामार्गासारख्या वेगवान आणि सावली नसलेल्या रस्त्यावर गाडीत बसून वाट पाहू नये. कठड्यापलीकडे उभे राहावे आणि पिण्याचे पाणी रेडिएटरला न देता स्वतःसाठी ठेवावे.

बिघाड कुठे आहे, हे गाडीच सांगते

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी गाडी केव्हा तापते हे नीट आठवून ठेवले, तर निम्मे निदान झालेले असते.

सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा, कारण वेगात असताना समोरची हवा त्याचे काम करते. मारुती ८०० सारख्या गाडीत विजेचा पंखा असतो. एसी लावताच तो फिरला पाहिजे. फिरला नाही तर फ्यूज, रिले, थर्मो स्विच आणि मोटर या क्रमाने पाहावे. तापल्यावरही पंखा सुरू होत नसेल तर अनेक ठिकाणी तो डॅशबोर्डवरच्या बटणाला डायरेक्ट जोडून देतात. घरी पोहोचण्यापुरते ते ठीक आहे, पण ते बटण दाबायचे राहून गेल्यामुळे गाडी तापल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीत पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तिथे पट्ट्याचा ताण पाहावा. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे कवच एखाद्या दुरुस्तीत काढून ठेवले गेले असेल तर तेही परत बसवून घ्यावे. ते नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत राहतो.

याच्या उलट, शहरात ठीक आणि ८०-९० च्या वेगाने बुटीबोरीच्या पुढे गेल्यावर तापते, तर पंख्याचा दोष नसतो. तिथे पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटरला उष्णता टाकता येत नाही. आतून क्षाराने बुजलेल्या नळ्या, बाहेरून धूळ आणि किड्यांनी भरलेल्या जाळ्या, गंजून झिजलेली वॉटर पंपाची पाती, किंवा वेगात आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज पाइप, यांपैकी काहीतरी असते. हा शेवटचा दोष फसवा आहे, कारण इंजिन बंद केले की पाइप पुन्हा गोल होतो.

सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच तापते, आणि वरचा होज पाइप चटका देत असताना खालचा थंड आहे, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता फार मोठी असते. तो काढून, दोऱ्याला बांधून, पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहता येतो. त्यावर कोरलेल्या अंशांजवळ, बहुधा ८२ ते ८८ च्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे. उघडला नाही तर नवा घ्यावा. इथे आपल्याकडच्या एका रूढ सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. "नागपुरात थर्मोस्टॅटची गरजच काय, काढून टाका" असे अनेक अनुभवी कारागीरही सांगतात. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत इंजिनात जाते आणि गाडी अधिक तापते. इतर इंजिनांत उलट होते : थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. वस्तू स्वस्त आहे. ती नसण्याची किंमत मोठी आहे.

एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक जागा पाहावी. किटच्या रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) ऊब देण्यासाठी इंजिनाचे पाणी बारीक नळ्यांतून तिकडे नेलेले असते, आणि त्या जोडांवरच्या क्लिपा सैल होऊन पाणी थेंबाथेंबाने जाते. ते गरम भागावर पडून सुकते, त्यामुळे जमिनीवर डाग दिसत नाही आणि गाडी पाणी पिते असे वाटत राहते. गाडी पाणी पीत नसते. ते कुठेतरी जात असते.

यांपैकी काहीच सापडले नाही तर मोठ्या कामाला हात घालण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण बदलून पाहावे. त्याचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मेली की दाब धरत नाही, उकळण्याचा बिंदू सुमारे २० अंशांनी खाली येतो आणि बाकी सर्व ठीक असूनही पाणी बाहेर फेकले जाते. नवे झाकण जुन्यावर लिहिलेल्याच दाबाचे घ्यावे. जास्त दाबाचे घेतले तर जुने होज पाइप आणि हीटरची नळी ते सहन करतीलच असे नाही.

पाणी कोणते आणि कूलंट किती

नागपूरकराला क्षार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. बोअरचे पाणी वापरलेल्या कूलरच्या ताट्यांवर जून येईपर्यंत जो पांढरा, दगडासारखा थर चढतो, तोच थर तेच पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत आतून चढतो. फरक एवढाच, की कूलरच्या ताट्या आपण दरवर्षी बदलतो. क्षार उष्णता अडवतो आणि नळीची वाट अरुंद करतो. म्हणून रेडिएटरमध्ये बॅटरीसाठी मिळते तसले डिस्टिल्ड पाणीच घालावे. छोट्या गाडीच्या संपूर्ण यंत्रणेला साधारण तीन ते पाच लिटर द्रव लागतो, त्यामुळे खर्च फारसा नाही.

कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा रंगीत द्रव, बर्फाळ प्रदेशासाठी असते, आपल्याला त्याचा काय उपयोग, हा समजही सोडून द्यावा. गोठण्याचा प्रश्न नागपुरात नाही हे खरे. पण कूलंटमधली द्रव्ये गंज रोखतात, वॉटर पंपाचे सील राखतात, आणि त्यातले इथिलीन ग्लायकॉल उकळण्याचा बिंदू वर नेते. दाट कूलंट असेल तर ते आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात मिसळावे. तयार मिश्रण असेल तर आणखी पाणी घालू नये. नुसते कूलंट भरले की गाडी जास्त थंड राहील असेही नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. हिरवे आणि लाल कूलंट एकमेकांत मिसळू नये. आधीचे कोणते आहे ते माहीत नसेल तर सर्व काढून, यंत्रणा धुऊन, नवे भरावे. जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट दर दोन वर्षांनी बदलणे चांगले, आणि त्यासाठी होळीच्या आसपासचा, ऊन कडक होण्यापूर्वीचा काळ सोयीचा असतो.

काम घरी करायचे असल्यास सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावे. हीटर गरम बाजूला ठेवून रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग सोडावा, निघालेला द्रव घमेल्यात धरावा, आणि बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत यंत्रणा धुवावी. गंजाचा लालसर गाळ येतच राहिला तर रेडिएटर उतरवून कारागिराकडे द्यावा. पितळी रेडिएटर असेल तर वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतात आणि पुन्हा डाग देऊन बसवतात. प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमचा असेल तर बहुधा नवा घेणेच परवडते. बाहेरची जाळी मागून पुढे, इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावी. जोराचा फवारा मारला तर पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट उलट बंद होते.

नवे मिश्रण हळू भरावे आणि झाकण न लावता इंजिन सुरू ठेवावे. आत अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येत राहते. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरावे. पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबले तर एअर लॉक राहत नाही. झाकण लावून गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी. रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतली पातळी थोडी उतरणे स्वाभाविक आहे; तिसऱ्या दिवशीही उतरली तर गळती शोधावी.

घमेल्यातला जुना द्रव नालीत किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारीही. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात फिरणारी कुत्री, मांजरे आणि गाई ते चाटतात. तो घट्ट बुचाच्या कॅनमध्ये भरून, वर 'विष' असे लिहून, जुने ऑइल विल्हेवाटीसाठी गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारून द्यावा, आणि सांडलेली जागा भरपूर पाण्याने धुवावी.